अनुभव धागा : दोघांचे पगार, एक शीट

आमच्या घरी महिन्याच्या वीस-बावीस तारखेला ठरलेला प्रश्न यायचा : "पैसे गेले कुठे?" गृहकर्जाचा हप्ता गेल्यावर उरलेलं दोन फोनांच्या यूपीआयमधून कधी पाझरायचं, कळायचं नाही. आता दोघांच्या फोनवर एकच गूगल शीट आहे. रकाने चार : तारीख, रक्कम, कशासाठी, कोणी. तुम्ही जोडीने काय वापरता? फसलेलंही लिहा, तेच जास्त कामाचं.

मुलुंड
एसएमएस वाचून आपोआप खर्च मांडणारं ॲप घेतलं होतं. वाणी, भाजीवाला, रिक्षा, सगळे "इतर"मध्ये. कारण क्यूआरवर बऱ्याचदा दुकानाचं नाही, मालकाचं नाव येतं. क्रेडिट कार्डाचं बिल भरलं की तोच खर्च दुसऱ्यांदा धरायचं. त्यात यूपीआय लाइट (आधी पैसे भरून ठेवायचं, छोट्या खर्चांसाठीचं फोनमधलं पाकीट) सुरू केलं. पासबुकात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, त्यामुळे चहा-वडापावचा पत्ताच लागेना. काढून टाकलं. आता जेवणं झाल्यावर मी रकमा वाचते, हा टाइप करतो.

परळ
सासूबाई पगाराच्या दिवशी पाकिटं करायच्या : दूध, वाणसामान, भिशी, गावचं भाडं. त्यांना पाकीट-पद्धतीचं ॲप कौतुकाने दाखवलं तर म्हणाल्या, "ह्यात नवीन काय गं?" पण "गणपती" हे पाकीट जानेवारीतच उघडायला त्यांनीच लावलं, महिना १५०० रुपये. यंदा पहिल्यांदाच कार्ड न घासता गावाला जाऊन आलो.

बोरिवली
माझा पगार ७२ हजार, हिचा ४८. आम्ही सगळं निम्मंनिम्मं करून स्प्लिटवाइजवर (कोण कोणाचं किती देणं लागतं ते दाखवणारं ॲप) टाकायचो. महिनाअखेरीस दरवेळी हीच माझं देणं लागायची. बायकोच्या नावापुढे "३१४० देणे" वाचून मलाच कसंसं झालं. आता घरखर्च ६०:४०. शिवाय सोसायटीचा तिमाही मेंटेनन्स आणि वर्षाचा विमा महिन्यांत वाटून बाजूला ठेवतो.

चेंबूर
बायकोच्या वाढदिवसाची खरेदी प्रामाणिकपणे "सोनार" म्हणून शीटमध्ये भरली. ती तेव्हा ऑफिसात शीटच बघत होती. पुढचं लिहीत नाही.

कुर्ला
आमचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. माहेरी पाठवलेले पैसे कुठे टाकता?

धागाकर्ती
"आईबाबा" अशी एकच ओळ, दोन्हीकडचे त्यातच. तिथे "कोणी" हा रकाना आम्ही रिकामा ठेवतो.