४जी+ आलं, व्हिडिओ पळतात, पण कागद अपलोड होत नाहीत. फोन बदलू का?

केळीपट्ट्यातली_ताई (यावल तालुका)

राम राम मंडळी. माझं गाव अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला आहे. घरची केळी आहे आणि गावात मी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीक विमा, ई-पीक पाहणीत अडलेली माणसं, सगळे माझ्याकडेच येतात. तार टाकलेलं इंटरनेट आमच्या गल्लीपर्यंत आलेलं नाही, म्हणून सगळं काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं.

मध्यंतरी कंपनीचा मेसेज आला की तुमच्या भागातल्या टॉवरवर आता अनेक बँड एकत्र चालतात, वेग वाढला. फोनवर ४जी च्या पुढे अधिकचं चिन्ह दिसायला लागलं आणि व्हिडिओ खरंच पटकन उघडतात. पण माझं काम उलट्या दिशेचं. कागद वर चढवायचे असतात. दोनशे केबीची गुणपत्रिका चढताना चक्र फिरत राहतं आणि पान मरतं. संध्याकाळी आठनंतर तर बघायलाच नको. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला पोरी आईला घेऊन माझ्या ओट्यावर रात्री उशिरापर्यंत बसून राहतात, तेव्हा जीव तुटतो. त्यांची काही चूक नसते.

अनेक बँड म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा अपलोडला उपयोग का होत नाही? माझा फोन जुना ४जी आहे, ५जी घेतला तर फरक पडेल का? भाचा म्हणतो ऑनलाइन बूस्टर मिळतो, तीन-चार हजारांचा, तो लाव. काय करू?

टॉवरवाला_चोपडा

ताई, बूस्टर घेऊ नका, हे आधी सांगतो. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी तो तुमच्याच गावाचं नुकसान करतो. स्वस्तातला बूस्टर सिग्नलबरोबर कचराही वाढवतो आणि तो थेट टॉवरच्या कानात ओततो. मग आजूबाजूच्या सगळ्यांचं अपलोड बसतं. मी टॉवरच्या मेंटेनन्सला आहे, चोपडा ते रावेर पट्ट्यात फिरतो. एखाद्या गावात अचानक कॉल तुटायला लागले की कोणाच्या गच्चीवर असा डबा लागलाय का, हे आम्हाला शोधावं लागतं.

आता बँडचं. बँड म्हणजे रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा. आपल्या देशात ४जी हे ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० मेगाहर्ट्झवर चालतं, बीएसएनएलचं ७०० आणि २१०० वर. प्रत्येक कंपनीकडे यातले काही पट्टे असतात. पूर्वी तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलायचा. आता टॉवर त्याला दोन-तीन पट्ट्यांवरून एकदम डेटा देतो. याला कॅरियर ॲग्रिगेशन म्हणतात. तंत्र जुनंच आहे, मानक २०११ मध्ये ठरलं, पण गावाकडच्या टॉवरवर दुसरा-तिसरा रेडिओ, म्हणजे त्या पट्ट्यावर बोलणारं यंत्र, बसायला वेळ लागला.

प्रत्येक पट्ट्याची रुंदी वेगळी असते. २० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा कागदावर १५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे वेग) देतो, १० चा ७५, ५ चा जेमतेम ३७. फोनवरचं अधिकचं चिन्ह फक्त जोड लागल्याचं सांगतं, २० ला २० जोडलं की १० ला ५, ते सांगत नाही. काही फोन तर टॉवरवर नुसती सोय असली तरी चिन्ह दाखवतात. त्यामुळे चिन्हावर विसंबू नका.

आणि तुमची खरी अडचण इथे आहे. ही जोड बहुतेक वेळा फक्त डाउनलोडची असते. अपलोड एकाच पट्ट्यावरून जातं, ज्याला फोनने मुख्य धरलं असेल त्यावरून. टॉवर एकेका पट्ट्यावर वीस-चाळीस वॅटने बोलतो, तुमचा फोन फार तर पाव वॅटच्या आत. म्हणजे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला येत नाही. दांड्या पूर्ण दिसतात त्या टॉवरच्या आवाजाच्या, तुमच्या नव्हे. त्यातून फोनने २३०० चा पट्टा मुख्य धरला तर अजून वाईट, कारण त्यावर वर-खाली एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला भिंती आणि झाडंही जास्त अडवतात. तुमच्याकडे चहूकडे केळी. पाण्याने भरलेली रुंद पानं, त्यात पावसाळ्यात ओली. ८५०-९०० त्यातून बऱ्यापैकी निघतं, २३०० बागेत बरंच जिरतं. उघड्या कापसाच्या रानात आणि वाढलेल्या केळीत एकाच अंतरावर मोजून बघा, फरक दिसेल.

रात्री आठनंतरचं दुखणं मात्र वेगळं असू शकतं. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, एकाच जागी बसून वेग मोजा. ट्रायचं, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड ॲप आहे. सकाळी छान आणि रात्री वाईट असेल तर गर्दी आहे. ही गर्दी हवेतली असेल तर नवे बँड तिच्यावर औषध आहेत. पण टॉवरला मागून येणारी लाइनच बारीक असेल तर काही उपयोग नाही. विहिरीत झराच नसेल तर तीन मोटारी बसवून काय होणार! टॉवरपर्यंत फायबर आहे की गोल तबकडीवरून मायक्रोवेव्ह, म्हणजे बिनतारी जोड, हे ज्याने त्याने आपल्या कंपनीला विचारलंच पाहिजे. गावकरी टॉवर मागतात, नंतर बँड मागतात, फायबर कोणी मागत नाही. माझ्या मते पहिली मागणी तीच हवी.

शिरपूर_मोबाईल

फोनबद्दल मी सांगतो, दुकान आहे माझं. ताई, ५जी चा फोन आत्ता नुसत्या मेसेजवर घेऊ नका. आधी कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेज नकाशा बघा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी तो टाकणं बंधनकारक आहे, २जी, ४जी, ५जी वेगळं वेगळं दाखवावं लागतं. गावावर ५जी चा रंग असेल तर पुढचा विचार.

देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. जास्त बोलबाला ३३०० मेगाहर्ट्झचा आहे. वेग भरपूर, पण पोच कमी. त्याच वर्षीच्या लिलावात ७०० चा पट्टा जिओने घेतला, तो लांब जातो पण अरुंद आहे. म्हणजे गावाच्या टोकाला ५जी दिसलं तरी ते कोणत्या पट्ट्याचं, यावर वेग ठरतो. नवा फोन घेताना त्यात एन२८ (५जी चा ७००) आणि एन७८ (३३००) दोन्ही आहेत ना, हे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. खोक्यावर बऱ्याचदा नुसतं ५जी लिहिलेलं असतं. बीएसएनएलचं सिम चालवायचं असेल तर ४जी चा बँड २८, म्हणजे ७००, बघा, कितीतरी जुन्या फोनमध्ये तो नसतो. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन भांडतं की सिम खराब आहे, आणि सिम चांगलं असतं.

आत्ताचा फोन कोणत्या बँडवर आहे ते बघायला नेटमॉन्स्टर नावाचं ॲप टाका. काही अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* दाबूनही माहिती दिसते, सगळ्यांवर नाही.

धडगावचा_मास्तर

सगळं वाचलं. आमना गावमा रेंजच नही, तठे ४जी+ काय करसूत? राग नाही, दुःख आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या अक्राणीतल्या पाड्यांवर आजही रेशनच्या अंगठ्यासाठी मशीन घेऊन टेकडीवर जावं लागतं. त्या अंगठ्याला वेग लागतच नाही, थोडासा डेटा जातो, पण तो जायला हवा. ज्या कंपन्या जळगाव-धुळ्यात तिसरा बँड लावतायत त्यांनी आधी एक खालचा बँड सातपुड्याच्या आत लावावा. ८५० किंवा ७०० चा एक रेडिओ उंच टेकडीवर लागला तर किती पाडे जोडले जातील! टॉवरवाले दादा, हे चूक असेल तर सांगा.

टॉवरवाला_चोपडा

सर, चूक नाही. खालचा बँडच तिथलं उत्तर आहे. फक्त डोंगराला टेकडीआड सावली पडते, एका उंच जागेवरून सगळे पाडे दिसत नाहीत. शिवाय तिथे वीज आणि मागची लाइन नेणं हा टॉवर उभा करण्यापेक्षा मोठा खर्च. सोलर आणि मायक्रोवेव्हवर टॉवर चालतो, पण मग त्यावर तीन-तीन बँडची चैन परवडत नाही. एक बँड, पण चोवीस तास, हे मागा.

केळीपट्ट्यातली_ताई

सकाळी-रात्री मोजून पाहिलं. डाउनलोड रात्री पडतं. अपलोड मात्र सकाळीही तितकंच वाईट, एक एमबीपीएसच्या आत. नेटमॉन्स्टरवर बँड ४० दाखवतोय, म्हणजे २३०० ना? गच्चीवर गेले की कधी कधी बँड ५ येतो आणि तिथे फॉर्म चटकन चढतो. लाइट गेली की अधिकचं चिन्ह जातं, हे पण लक्षात आलं. माझं केंद्र खालच्या खोलीत आहे, पत्र्याचं शटर, मागे बाग. गच्चीवर टेबल मांडून बसू का आता?

मास्तर सर, तुमचं वाचून रेशनच्या रांगेतल्या आमच्या म्हाताऱ्या बाया आठवल्या. आमच्याकडे निदान टेकडी चढावी लागत नाही.

टॉवरवाला_चोपडा

बरोबर, बँड ४० म्हणजे २३००. बँड ५ म्हणजे ८५०. लाइट गेल्यावर बॅटरी पुरावी म्हणून काही टॉवरवर जादाचे बँड बंद होतात, तसंच होत असणार.

टेबल नको, गच्चीवर अँटेना न्या. बाहेरची अँटेना जोडता येते असा ४जी राउटर घ्या, ज्यात बँड निवडायची सोय आहे. सगळ्यांत नसते, घेण्याआधी खात्री करा. हा बूस्टर नाही. तो फोनसारखा एक साधा ग्राहक असतो, त्यामुळे कायद्याला धरून आहे. अँटेना टॉवरच्या दिशेला, बागेच्या वर डोकं काढेल अशी बसवा. ती ८५० ला चालणारी आहे ना ते बघा, बाजारात बऱ्याच अँटेना फक्त १८०० च्या वरच्या असतात. अँटेनापासून राउटरपर्यंतच्या वायरची लांबी कमीत कमी ठेवा, वायरमध्येच सिग्नल मरतो. म्हणून राउटरही जिन्याच्या वरच्या खोलीत ठेवा आणि तिथून साधी लॅनची वायर खाली केंद्रात आणा. ती लांब असली तरी चालते. शिष्यवृत्तीच्या दिवसांत राउटर बँड ५ वरच बांधून ठेवा. व्हिडिओ हळू चालतील, फॉर्म चढतील.

आणि मागच्या लाइनची तक्रार १९८ वर नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर फायबरची मागणी वेगळी द्या. तुमचा टॉवर माझ्या पट्ट्यात असेल तर पुढच्या फेरीत तबकडी कुठे वळलेली आहे ते मी बघून इथेच लिहितो.