बर्फ वितळले, तरी जमीन अजून वर का येत आहे?

प्रश्न: स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील बॉथनियाच्या आखाताचा उत्तर किनारा वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येतो. तेथील बर्फ सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच वितळले. मग जमीन तेव्हाच पूर्ववत का झाली नाही?

प्रतिसाद १: भूकवचाखालील प्रावरण (खडकाचा जाड थर) घन असले, तरी हजारो वर्षांच्या कालावधीत ते अतिशय घट्ट द्रवासारखे वाहते. सुमारे तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाने कवच दाबले तेव्हा बाजूला सरकलेले द्रव्य आता संथपणे परतत आहे.

प्रतिसाद २: हा वेग सर्वत्र सारखा नसतो. पश्चिम अंटार्क्टिकातील अमुंडसेन समुद्राभोवती प्रावरण अधिक उष्ण व कमी घट्ट असल्याने तेथील जीपीएस केंद्रांनी वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत उत्थान नोंदवले आहे. तेथील हिमनद्या समुद्रसपाटीखालच्या खडकावर टेकलेल्या आहेत. तो खडक उचलला गेला, की पाण्याची खोली घटते आणि हिमनद्यांची माघार मंदावू शकते. मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रश्नकर्ता: म्हणजे अमुंडसेन समुद्राला मिळणारी थ्वेट्स हिमनदी आपोआप सावरेल का?

प्रतिसाद २: तसे गृहीत धरू नये. तापमानवाढ वेगवान राहिली, तर बर्फाची माघार उत्थानाला मागे टाकू शकते.