पाण्याखालचं भगदाड: ठिगळ पॉलिस्टरचं की एपॉक्सीचं?

नांगर: फायबरची जुनी शिडाची होडी खडकावर आपटली आणि पाण्याखालच्या भागात 10 सेंमीचं भोक पडलं, असं धरू. कवच 6 मिमी, भरीव. माझं मत ठाम आहे: होडी पॉलिस्टर रेझिनची (रेझिन म्हणजे काचतंतूंना बांधून कडक होणारा चिकट द्रव), तर ठिगळही पॉलिस्टरचंच. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) एक थर साधारण 1 मिमी भरतो, म्हणजे सहा-सात थर झाले की काम झालं. वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत गुळगुळीत थर, बिनतक्रार बसतो. एपॉक्सी या दुसऱ्या रेझिनवर तो धरेलच याची खात्री नाही.

शीडवाली: अजिबात पटलं नाही. होडी बांधताना ओल्या थरावर ओला थर चढतो, म्हणून सगळं एकजीव होतं. वर्षानुवर्षं वाळलेल्या पॉलिस्टरला नवं पॉलिस्टर फक्त घासलेल्या खरबरीत पृष्ठभागावर पकडून राहतं. त्यातून ते सुकताना आकसतं आणि ताण येतो तो नेमका सांध्यावर. एपॉक्सी आकसते फार कमी, चिकटते जास्त.

नांगर: पकड कमी असेल, पण क्षेत्रफळ बघा ना! भोकाच्या कडा घासून 12:1 उतार दिला (जाडीच्या बारापट रुंद) की 6 मिमीला चहूबाजूंनी 72 मिमीचा पट्टा मिळतो, भोक जवळजवळ 25 सेंमीचं होतं. एवढ्या पट्ट्यावर पॉलिस्टर धरतं. ठिगळं सुटतात ती 3:1 उतारावर घाईनं मॅट थापल्यामुळे.

वल्हेकरी: दोघंही थांबा, आधी इजा कुठवर गेलीय ते बघा. प्लॅस्टिकच्या हातोडीनं भोकाभोवती ठोकत बाहेर सरका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेत, ते सगळं ग्राइंडरनं काढायचं. आतून बल्कहेडचे (होडीतल्या आडव्या भिंतींचे) सांधेही तपासा, धक्का तिथवर पोचतो. मग गोड्या पाण्यानं मीठ धुवा, कारण मीठ ओल धरून ठेवतं. वाळलं असं वाटलं की पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून उन्हात ठेवा. आतून दव जमलं, तर रेझिनचा डबा उघडूच नका. ओल्या फायबरला दोन्ही रेझिनं दगा देतात.

शीडवाली: हे शंभर टक्के मान्य. आता जेलकोटचं. नांगर, पाण्याखाली जेलकोट हवाच कशाला? एपॉक्सीचा बॅरिअर कोट (पाणी आत शिरू न देणारा थर) आणि वर अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग), झालं. एपॉक्सी बदनाम होते ती वरच्या मेणचट थरामुळे. तो एपॉक्सी कडक करणाऱ्या रसायनातल्या अमाइनचा असतो, पाण्यात विरघळतो, ॲसिटोननं नुसता पसरतो. आधी पाणी आणि खरखरीत स्पंज, मगच 80 नंबरचा सँडपेपर. आणि साधी चॉप मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची) एपॉक्सीत वापरू नका. तिचे तंतू धरून ठेवणारा बांध पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रवानं सुटतो, एपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट ताठ राहते आणि वळणावर बसत नाही. शिवलेलं बायॲक्सिअल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्या.

नांगर: बॅरिअर कोटचा मुद्दा बिनतोड आहे, पाण्याखाली माघार घेतो. पाण्याच्या वर मात्र पॉलिस्टरच म्हणेन. तिथे जेलकोटचा रंग जुळवावा लागतो. शिवाय हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) 1 ते 2 टक्क्यांत कमीजास्त करून हवेप्रमाणे वेळ साधता येतो. एपॉक्सीत प्रमाण जरा हललं की ठिगळ कायमचं चिकट राहतं.

वल्हेकरी: थरांचा क्रमही ठरवा. सर्वांत मोठा तुकडा आधी, म्हणजे तो सगळ्या उताराला थेट चिकटतो. लहान आधी लावलेत, तर शेवटी घासून सपाट करताना नेमक्या वरच्या मोठ्या थराच्या कडा कापल्या जातात. एका वेळी तीन-चारच थर चढवा. सगळे एकदम लावले की आत उष्णता कोंडते आणि रेझिन फेसाळतं.

शीडवाली: आणि शेवटच्या थरावर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढता येणारं कापड. सोलून काढलं की अमाइनही त्याच्याबरोबरच निघतं.