एका मेलमध्ये तीन 'रन', आणि धावतंय कोणीच नाही

गोंधळ्या_पुणे:
मंडळी एक शंका. शाळेत रन म्हणजे धावणे, रन-रॅन-रन, पाठ केलं आणि विषय संपला. आता ऑफिसात मॅनेजरचा मेल आलाय, 'प्लीज रन इट बाय मी बिफोर यू सेंड इट', म्हणजे पाठवायच्या आधी मला दाखव असं शेजारचा म्हणाला. त्याच मेलमध्ये खाली 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम' आणि शेवटी 'आय रॅन इन्टू द क्लायंट यस्टरडे'. हा माणूस क्लायंटला जाऊन धडकला की काय?? याला काही नियम आहे की सगळं घोकायचं?

खडूफळा:
नियम शोधत बसू नका, हा शब्द कोशवाल्यांनाही पुरून उरलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाचे त्यात नऊ महिने गेले. आधी सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. पण रोजच्या कामाला त्यातले मूठभरच लागतात. मी मुलांना सांगते, रनच्या नंतर कोणता शब्द उभा आहे ते आधी बघा. आउट ऑफ असेल तर काहीतरी संपलंय. इन्टू असेल तर माणूस अचानक भेटला, गाडीबद्दल असेल तर मात्र खरंच धडक. ओव्हर असेल तर कोणीतरी गाडीखाली आलं नाहीतर मीटिंग लांबली, आता यातलं कुठलं ते वाक्यच सांगेल. आणि 'द मिल्क हॅज रन आउट' बरोबर, पण 'वी' ने सुरुवात केलीत तर 'ऑफ' हवाच, 'वी रॅन आउट मिल्क' ही चूक अगदी सर्रास दिसते.

चहाबाज:
एवढं नवल कशाला, आपलं 'चालणं' घ्या की. दुकान चालतं, घड्याळ चालतं, कोर्टात खटला चालतो, सकाळी डोकं चालत नाही आणि उद्या आलात तरी चालेल, यात पाय कुणाचा हलतोय सांगा? दुकान, यंत्र, सॉफ्टवेअर, घर, जे जे आपण 'चालवतो' ते बहुतेक इंग्रजीत रनकडे जातं. आणि काही बाबतीत तर आपणही धावतोच, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 'धावली' म्हणतो, लोकल रोज 'उशिराने धावत' असते (धावते कसली, रखडते), क्रिकेटमध्ये धावा आणि धावबाद आहेतच.

लेस्टरकर:
पाण्याचं राहिलंच की. जे वाहतं ते इंग्रजीत रन होतं. नाक गळतंय तर 'नोज इज रनिंग', टबात पाणी सोडायचं तर 'रन अ बाथ', नवा लाल कुर्ता पांढऱ्या कपड्यांत पडला आणि सगळं गुलाबी झालं तर 'द कलर रॅन'. इथे कामावर कोणी 'शी इज रनिंग अ टेम्परेचर' म्हणालं तर तिला ताप आहे एवढंच समजायचं. अजून एक गंमत, अमेरिकेत निवडणुकीसाठी 'रन' करतात आणि इकडे ब्रिटनमध्ये 'स्टँड'. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो, धावपळ कार्यकर्त्यांची 😄

गोंधळ्या_पुणे:
भारी! म्हणजे क्लायंट नुसता भेटला होता, बरं झालं. मग मी मॅनेजरला 'आय विल रन इट बाय यू' असं लिहिलं तर उद्धट नाही ना वाटणार?

खडूफळा:
अजिबात नाही, बिनधास्त लिहा. फक्त ते बोलण्यातलं इंग्रजी आहे, क्लायंटला रीतसर पत्र जाणार असेल तर 'फॉर युअर रिव्ह्यू' बरं दिसतं. आणि हो, 'आय हॅव रॅन' नको, 'हॅव रन'.