नॅलोक्सोन दिले, श्वास परतला, पण रुग्ण जागा होत नाही: सोबत घेतलेल्या इतर पदार्थांचे काय?

रात्रपाळी

तालुका रुग्णालयाची कॅज्युअल्टी आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते, दोघांच्याही हाती देता येईल अशी एक पानी सूचना लिहायची आहे. ओपिऑइडच्या (हेरॉइन, मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची औषधे) ओव्हरडोसवर त्यांचा उतारा नॅलोक्सोन, इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पण ब्राऊन शुगर (कच्चे हेरॉइन), ट्रॅमाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन नुसतेच घेतलेला रुग्ण विरळा. सोबत दारू असते, झोपेची गोळी अल्प्राझोलाम असते, सुईत अ‍ॅलर्जीवरचे अ‍ॅव्हिल मिसळलेले असते, नाहीतर प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचे औषध) किंवा एमडी (मेफेड्रोन, उत्तेजक).

सूचना अडते ती इथे. सोबतच्या पदार्थामुळे नॅलोक्सोन कमी पडते का? रुग्ण जागा होत नसेल तर डोस वाढवत जायचे का, आणि कुठवर? डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या नसतील तर नॅलोक्सोन द्यायचे की नाही? आणि शुद्धीवर आलेल्याला किती वेळ थांबवून ठेवायचे?

आकडे नेमके द्या. ‘काळजीपूर्वक द्यावे’ एवढेच लिहिलेला कागद रात्री दोन वाजता कुणाच्या उपयोगी पडत नाही.

भूलशास्त्र

ताई, मेख पहिल्याच प्रश्नात आहे. नॅलोक्सोन मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागा अडवते आणि तिथे बसलेल्या हेरॉइनला हुसकावते. दारू, तसेच अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या वेगळ्या जागी काम करतात, गाबा नावाच्या यंत्रणेवर. तिथे नॅलोक्सोन पोचतच नाही. म्हणजे दारूने नॅलोक्सोन ‘मारले’ असे होत नाही. त्याने आपले काम केलेले असते, उरलेली गुंगी दुसऱ्या पदार्थाची असते.

म्हणून कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहा: श्वास मोजा, जाग नव्हे. मिनिटाला १२ च्या आसपास श्वास, छाती नीट वर येते आहे, ओठांचा निळेपणा गेला आहे, एवढे झाले की नॅलोक्सोन तिथेच थांबवायचे. रुग्ण झोपलेला असेल तर असू द्या. त्याला कुशीवर ठेवा आणि श्वासावर नजर ठेवा. मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलामच. ती पोटात असताना नॅलोक्सोनची पाच अँप्युल फोडली तरी झोप उडणार नाही. उडेल ती फक्त ओपिऑइडची उरलीसुरली मात्रा, आणि रुग्ण अर्धवट झोपेतच विड्रॉलमध्ये (नशा तुटल्याच्या त्रासात) जाईल.

हीच अवस्था मला सर्वांत धोक्याची वाटते. विड्रॉलमुळे उलटी होते, दारूने पोट भरलेले असते आणि गोळीमुळे खोकला-ठसक्याची प्रतिक्रिया बोथट झालेली असते. उलटी सरळ फुफ्फुसात जाते. श्वास थांबून येणारा मृत्यू टळतो आणि रुग्ण न्यूमोनियाने दगावतो.

आता डोस. आपल्याकडचे अँप्युल साधारणपणे १ मिलिचे, त्यात ०.४ मिलिग्रॅम. आयव्ही (शिरेतली सुई) लागलेली असेल तर १० मिलिच्या सिरिंजमध्ये एक अँप्युल आणि ९ मिलि नॉर्मल सलाईन घ्या. प्रत्येक मिलित ०.०४ मिलिग्रॅम येते. रोजचे व्यसन असलेल्याला १ मिलि द्या, दोन-तीन मिनिटे अ‍ॅम्बू बॅगने (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) श्वास देत थांबा, मग पुढचा मिलि. श्वास पूर्ण थांबलाच असेल तर इतके बारीक मोजत बसू नका, ०.४ मिलिग्रॅमपासून सुरू करा आणि गरज पडल्यास २ मिलिग्रॅमपर्यंत जा. एकूण १० मिलिग्रॅम देऊनही श्वासात काहीच फरक नाही, तर ओपिऑइड हे मुख्य कारण नाही असे धरा आणि दुसरे शोधा. रक्तातली साखर मात्र पहिल्याच मिनिटाला बघायची. दारू प्यालेल्यात ती घसरते, ट्रॅमाडॉलनेही घसरू शकते.

झोपेच्या गोळीवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल द्यावे का, हा प्रश्न लगेच येईल. सरसकट देऊ नका. रोज गोळ्या घेणाऱ्याला त्याने झटके येतात, आणि ते थांबवायला जी औषधे लागतात त्यांचाच रस्ता आपण अडवून बसतो. बॅग आणि मास्क, लागली तर नळी, हा उपाय दारू, गोळी आणि हेरॉइन तिन्हींवर एकसारखा चालतो.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा आकडा ९८ दिसतो आणि श्वास मिनिटाला ६ असतो. कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा.

वस्तीवरचा

कार्यकर्त्यांच्या बाजूने लिहितो, कारण तिथे आयव्ही नसते.

आधी हाक, खांदा हलवणे, मग छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासणे. प्रतिसाद नाही आणि श्वास घोरल्यासारखा किंवा तुटक असेल तर १०८ ला फोन. हनुवटी वर उचलून दर ५ सेकंदांनी एक श्वास. त्यानंतर एक अँप्युल २ मिलिच्या सिरिंजमध्ये भरून मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडात, स्नायूत. कपड्यातून टोचले तरी चालते. स्नायूतून परिणाम दिसायला २ ते ५ मिनिटे लागतात. या ५ मिनिटांत श्वास देणे बंद पडते आणि घाईघाईत दुसरे-तिसरे अँप्युल फोडले जाते, सर्वाधिक चूक होते ती इथे. तीन मिनिटे मोजा, श्वास देत राहा, मगच दुसरे.

बाहुल्यांबद्दल: त्या बारीक असतील तर ओपिऑइडचा संशय पक्का होतो. पण बारीक नाहीत म्हणून ओपिऑइड नाही, असा अर्थ काढायचा नाही. अ‍ॅव्हिल म्हणजे फेनिरामिन, फेनर्गन म्हणजे प्रोमेथाझिन. दोन्ही बाहुली मोठी करतात. ब्युप्रेनॉर्फिन, अ‍ॅव्हिल आणि डायझेपाम एकत्र टोचणाऱ्यात बाहुली मधल्या आकाराची दिसू शकते. एमडी घेतलेल्यातही तेच. ट्रॅमाडॉलनेसुद्धा ती नेहमी आकसत नाही. कागदावर निकष दोनच ठेवा: प्रतिसाद नाही आणि श्वास मंद. काय घेतले ते कळत नसेल तरी एक अँप्युल द्यावे. ओपिऑइड नसेल तर त्याने सहसा काही बिघडत नाही.

मोबाइलवर फिरणारे अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ‘जास्त द्या, अजून द्या’ हा समज पसरतो, त्यावरही एक ओळ हवी. तिथे फेंटॅनिलमध्ये (अतिशय तीव्र ओपिऑइड) झायलाझिन मिसळले जाऊ लागले. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात भुलीसाठी वापरतात तेच. ते ओपिऑइड नाही, त्यामुळे नॅलोक्सोनने श्वास येतो आणि माणूस तासन् तास निपचित राहतो. हे पाहून लोक नाकात फवाऱ्यावर फवारा मारत गेले. न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी ४ आणि ८ मिलिग्रॅमचे फवारे वापरून तुलना केली तेव्हा जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले, मात्र ८ वाल्यांत उलट्या आणि विड्रॉल जास्त. २०२४ साली ते प्रसिद्ध झाले.

आणि एक. टर्की (विड्रॉल) लागलेला माणूस उठतो तो चिडून उठतो आणि लगेच पुन्हा माल घ्यायला जातो. नॅलोक्सोन अंगात असेपर्यंत त्याला काही जाणवत नाही, म्हणून तो जास्त घेतो. नॅलोक्सोन ओसरले की दोन्ही डोस एकत्र बोलतात. हे त्याला त्याच्या भाषेत, शांतपणे सांगायला माणूस जवळ हवा.

औषधपेटी

फार्मसीच्या बाजूने थोडी भर. नॅलोक्सोनशी सगळी ओपिऑइडे सारखी वागत नाहीत, हेही कागदावर यावे.

ब्युप्रेनॉर्फिन रिसेप्टरला (मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागेला) घट्ट चिकटते आणि सावकाश सुटते. एकट्याने ते श्वास एका मर्यादेपलीकडे दाबत नाही, पण डायझेपाम किंवा दारू जोडीला आली की ती मर्यादा राहत नाही. अशा वेळी ०.४ मिलिग्रॅमने फारसे काही होत नाही. आयव्हीतून २ ते ३ मिलिग्रॅम लागतात आणि परिणामही उशिरा दिसतो. इथे मात्र डोस वाढवणे बरोबर आहे. ‘जागा होत नाही म्हणून’ वाढवणे वेगळे आणि ‘ब्युप्रेनॉर्फिन आहे आणि श्वास येत नाही म्हणून’ वाढवणे वेगळे.

ओएसटी केंद्रातल्या (व्यसनी रुग्णाला बदली ओपिऑइड देणारे केंद्र) ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन गोळीवरून गैरसमज होतो. गोळीत २ मिलिग्रॅमला ०.५ मिलिग्रॅम नॅलोक्सोन असते, पण जिभेखालून ते फारच थोडे शोषले जाते आणि गिळले तर यकृतच बहुतेक संपवते. ती गोळी ओव्हरडोसवर उतारा नाही. व्यसन सोडवायला देतात ती नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळीही नाही. नाव जवळचे म्हणून बेशुद्ध माणसाच्या तोंडात ती कोंबायची नाही. घशात अडकेल, आणि शोषली गेलीच तर विड्रॉल दिवसभर चालेल.

ट्रॅमाडॉल अर्धेच ओपिऑइड म्हणा. त्याचा दुसरा परिणाम सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर होतो, तो नॅलोक्सोनने उलटत नाही. त्यामुळे श्वास सुधारतो आणि झटका, थरथर, वाढलेली नाडी तशीच राहते. ओव्हरडोसमध्ये नॅलोक्सोनने झटक्याचा धोका वाढू शकतो असा इशारा ट्रॅमाडॉलच्या माहितीपत्रकातच आहे. श्वास बंद असेल तर तरीही द्यायचेच, फक्त थोडे थोडे, आणि लोराझेपाम किंवा मिडाझोलाम हाताशी ठेवून. रुग्ण नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर ताप आणि स्नायूंचा ताठरपणा बघा.

सगळ्यात सहज सुटणारी गोष्ट पॅरासिटामॉल. ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉलच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. अशा ३० गोळ्या म्हणजे पावणेदहा ग्रॅम. नॅलोक्सोनने माणूस बोलू लागतो, घरी जातो आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ घेऊन परत येतो. रिकामी पाकिटे मागवा, गोळ्या मोजा. घेतल्यापासून ४ तासांनी पॅरासिटामॉलची पातळी तपासा. तपासणीची सोय नसेल तर वाट न पाहता त्यावरचा उतारा अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू करा. ८ तासांच्या आत ते सर्वांत चांगले काम करते.

इन्फ्यूजनचे (सलाईनमधून सतत देण्याचे): नॅलोक्सोन सोडियम बायकार्बोनेटच्या किंवा कुठल्याही अल्कलीयुक्त द्रावणात मिसळू नका, सल्फाइट असलेल्या औषधातही नको. नॉर्मल सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज चालते. २ मिलिग्रॅम, म्हणजे पाच अँप्युल, ५०० मिलित घातली की दर मिलित ४ मायक्रोग्रॅम. २४ तासांनंतर उरलेले फेकायचे. अँप्युल उजेडापासून दूर, खोक्यातच ठेवा.

रात्रपाळी

खूप मोलाचे. दोन गोष्टी अजून हव्यात: इन्फ्यूजन कुणाला आणि किती, आणि एमडी सोबत असेल तर वेगळे काय करायचे?

वैद्यकीय_कक्ष

इन्फ्यूजन त्यांना, ज्यांचे औषध नॅलोक्सोनपेक्षा जास्त टिकते. नॅलोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटे. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, एसआर (सावकाश सुटणारे) ट्रॅमाडॉल यांचा त्याहून कितीतरी जास्त. सुरुवातीला श्वास आणायला एकूण जितके लागले त्याच्या दोन तृतीयांश दर तासाला. उदाहरणार्थ ०.६ मिलिग्रॅम लागले तर ०.४ तासाला, म्हणजे वरच्या ४ मायक्रोग्रॅमच्या बाटलीतून तासाला १०० मिलि. सुरू केल्यावर १५ मिनिटांनी पहिल्या डोसचा अर्धा पुन्हा द्यावा लागू शकतो.

गोळ्या पोटात असतील तर आणखी एक फसगत. ओपिऑइड आतड्याची हालचाल थांबवते. नॅलोक्सोनने ती पुन्हा सुरू होते आणि साठलेल्या गोळ्या पुढे सरकून शोषल्या जातात. अ‍ॅव्हिल, डायसायक्लोमिन, अ‍ॅट्रोपिन हेही पोट मंद करतात. लहान मुलाने जुलाबाची डायफेनॉक्सिलेट-अ‍ॅट्रोपिनची गोळी गिळली असेल तर त्याला बरे दिसत असले तरी २४ तास दाखल ठेवा, कारण श्वास उशिरा आणि पुन्हा मंदावतो. मोठ्यांत: हेरॉइन टोचलेला असेल तर शेवटच्या नॅलोक्सोनपासून निदान २ तास. गोळ्या, मेथाडोन किंवा सोबत झोपेची औषधे असतील तर रात्रभर आणि पुढचा दिवस. प्रेगाबालिन मूत्रपिंडातून जाते, क्रिएटिनिन वाढलेल्याला (मूत्रपिंड कमजोर असलेल्याला) ते दिवसापेक्षा जास्त झोपवू शकते.

एमडी किंवा कोकेन सोबत असेल तर ओपिऑइड त्याच्यावर झाकण ठेवून असते. झाकण एकदम उचलले की नाडी १५०, रक्तदाब भडकलेला, माणूस आवरेनासा. म्हणून इथे ०.०४ ची पायरी सोडायची नाही. खवळलाच तर मिडाझोलाम थोडे थोडे, अंग तापले असेल तर थंड करणे, ईसीजी. आणि नॅलोक्सोननंतर गुलाबी फेस, दम, फुफ्फुसात खरखर आली तर तो पल्मनरी एडिमा (फुफ्फुसात पाणी). तिथे ऑक्सिजन आणि दाबाचा श्वास, आणखी नॅलोक्सोन नाही.

शेतीच्या तालुक्यासाठी एक ओळ नक्की घाला. बारीक बाहुल्या, मंद श्वास, बेशुद्धी हे कीटकनाशकाच्या ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेतही दिसते. तोंडातून लाळ, घामाने चिंब, छातीत घरघर, कपड्यांना औषधाचा वास, अंगावर स्नायू फडफडताना दिसणे, हे असेल तर नॅलोक्सोनवर वेळ घालवू नका. तिथे अ‍ॅट्रोपिन लागते. दारूसोबत फवारणीचे औषध घेतलेल्यात दारूच्या वासाने तो वास झाकला जातो, म्हणून लाळ आणि घाम मुद्दाम बघा.

वस्तीवरचा

कागदाच्या तळाशी फाडून देता येईल अशी चिठ्ठी ठेवा, १०८ वाल्यांच्या हाती द्यायला. किती वाजता सापडला, तेव्हा मिनिटाला श्वास किती, नॅलोक्सोन किती वाजता आणि किती, त्यानंतर श्वास किती. खाली मोकळी ओळ: आसपास काय सापडले. पाकिटे, बाटली, सिरिंज यांचा फोटो किंवा पाकिटेच पिशवीत. नाव-पत्ता त्या चिठ्ठीवर मागू नका. मागितला की सोबतचे पळून जातात, आणि काय काय घेतले होते ते फक्त त्यांनाच माहीत असते.