सुप्याचा माळ ओसाड कधी होता?

माळकरी: "ओसाड माळ आम्ही हिरवा केला" अशी सुप्याजवळच्या लागवडीची पोस्ट फिरतेय. फोटोत जेसीबीने मारलेले सलग समतल चर (पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले खड्डे) आणि ओळीने गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं. अहो, तिथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं होती! चंडोल पक्षी जमिनीवर अंडी घालतो, चिंकारा मोकळ्यावर चरतो, लांडगीण ओघळीच्या काठाला बीळ करते. दाट सावलीत गवत विरळ होतं आणि हे सगळे उठून जातात. 2019 ला राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. एवढी झाडं लावायची म्हटली की 'पडीक' ठरवून पहिला माळच धरतात.

सावली_हवी: पुण्यात बसून बोलणं सोपंय. गिरिपुष्प आलं आणि माझ्या आईची सरपणाची पायपीट थांबली. पाला शेतात खताला जातो. चंडोलासाठी तिने परत वणवण करायची का?

बिरोबाचं_लेकरू: सरपण मिळालं, पण मेंढरांचं काय? लागवड झाली की तार आणि चराईबंदीची पाटी. कोकणातून परतताना आमच्या आज्याच्या वाटेवर कुंपण आडवं. राखणदाराने कोकरं कोंडली, पैसे घेऊनच सोडली. आमची मेंढरं त्या पाल्याला तोंडही लावत नाहीत.

सावली_हवी: मेंढरांनीच माळ उघडा केलाय. मुळासकट खातात.

बिरोबाचं_लेकरू: तोंड सांभाळून बोला. शेतात मेंढरं बसवायला हेच शेतकरी धान्य देऊन बोलावतात. मेंढरं दोन दिवस चरून पुढं जातात, चर कायमचा राहतो. लांडगा आमची कोकरं नेतो, तरी आमच्या वाड्यातल्या कुणी त्याला विष घातलं नाही.

माळकरी: बरोबर! सोलापूरजवळ नान्नजला माळढोक या गवताळ माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं, तिथेही गवतात गिरिपुष्प लावलं.

सावली_हवी: माळढोक उसाने आणि विजेच्या तारांनी गेला. सगळं झाडांवर कशाला ढकलता?

माळकरी: ऊस आणि तारा, मान्य. म्हणून उरलेलं गवतही झाकायचं? ओढ्याकाठी, गावठाणात बाभूळ, कडुनिंब लावा, सरपण तिथूनही मिळेल.

सावली_हवी: मिळेल, पण पाच-सहा वर्षांनी. तोवर लावलेलं एकही झाड तोडू देणार नाही. नवे चर गवतात नकोत, एवढं ग्रामसभेत बोलेन.

बिरोबाचं_लेकरू: तारेत मेंढरांना वाट ठेवा, तेही बोला.