नदीमुखाजवळ क्लोरोफिल इतकं जास्त का दिसतं?

मोडिसच्या (नासाच्या उपग्रहांवरचा संवेदक) आठ दिवसांच्या सरासरी चित्रांवरून समुद्रातले उत्पादक, म्हणजे भरपूर प्लवक वाढणारे, पट्टे शोधतेय. नदीमुखाशी क्लोरोफिलचे, म्हणजे वनस्पतींतल्या हिरव्या द्रव्याचे, आकडे अवाच्या सवा चढतात. खरंच तिथे एवढं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिजीव) असतं?

उत्तर: सगळं प्लवक नव्हे. निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून क्लोरोफिल काढतात. गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं ते गुणोत्तर बिघडवतात. सेंटिनेल-3 या युरोपीय उपग्रहांची 300 मीटरची (एक ठिपका म्हणजे 300 मीटर) चित्रं घ्या, त्यात गढूळ पाण्यासाठी वेगळ्या पद्धतीनं काढलेलं क्लोरोफिल मिळतं.

आणि खुल्या समुद्रात?

दुसरं उत्तर: तिथे आकडे बरेच भरवशाचे. पण कळकळीनं सांगतो, एका चित्रावरून हॉटस्पॉट (प्लवकाचा कायमचा समृद्ध भाग) ठरवू नका. तोच पट्टा वर्षानुवर्षं त्याच मोसमात उजळतो का, ते बघा. शेजारी तापमानाचा नकाशा ठेवा; गार पाण्यालगत हिरवं दिसलं, तर बहुधा खालून पोषकद्रव्यं वर येताहेत. उपग्रहाला वरचाच थर दिसतो, खोलवरचं क्लोरोफिल निसटतं.